नाकाचं हाड : काढायचं किती, ठेवायचं किती?

आजचा भाग नाकाबद्दल आहे, आणि थोडा स्वार्थी आहे. माझं नाक गेली कित्येक वर्षं चोंदलेलं असतं. डावी नाकपुडी तर नावालाच. रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा. आता डॉक्टरांनी सेप्टोप्लास्टी सुचवली आहे. म्हटलं, हो म्हणण्याआधी या ऑपरेशनचा इतिहास तरी वाचू.

आपल्याकडे सरसकट म्हणतात, ‘नाकाचं हाड वाढलंय.’ बऱ्याचदा ते वाढलेलं नसतं, वाकलेलं असतं. दोन नाकपुड्यांमधला पडदा पुढच्या बाजूला कूर्चेचा असतो, कानाला हात लावल्यावर लागते तशी लवचीक, आणि मागे हाडाचा. तो एकीकडे कलला की तिकडची वाट अरुंद होते. आता वाढलेली गोष्ट आपण कापतो आणि वाकलेली सरळ करतो. डॉक्टरांनाही कापण्याकडून सरळ करण्याकडे यायला बराच काळ लागला.

नाकाची सर्जरी म्हटलं की पुण्याचा किस्सा आठवतोच. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान, आणि कपाळाच्या कातडीने त्याचं नवं नाक घडवणारा पुण्याजवळचा कारागीर. ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकीकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. पण ते बाहेरचं नाक. गेलेला चेहरा परत आणणं हा तिथला प्रश्न होता. श्वासाची वाट मोकळी करणं ही वेगळी गोष्ट, आणि तिचा इतिहास मुख्यतः अमेरिका आणि युरोपातला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्कचे डॉ. बॉसवर्थ पडद्याचा पुढे आलेला भाग चक्क करवतीने कापायचे, वरच्या नाजूक अस्तरासकट. 1882 मध्ये शिकागोच्या इंगल्स यांनी कूर्चेचा फक्त एक तुकडा काढून पाहिला. मग 1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेन वापरून दाखवलं. भूल देण्यासाठी, बरं का. कोकेनने जागा बधिर होते आणि रक्तवाहिन्या आकसून रक्तही कमी येतं. नाकात काम करणाऱ्यांना दोन्ही हवंच होतं.

1902 मध्ये शिकागोचे फ्रीअर आणि 1904 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे किलियन यांनी मोठं पाऊल टाकलं. अस्तर अलगद सोडवायचं, आतली कूर्चा आणि हाड काढायचं, अस्तर परत बसवायचं. किलियन यांनी एक नियमही घातला : वरच्या आणि पुढच्या कडेला साधारण 1 सेंटिमीटरची पट्टी ठेवायचीच. नाकाचा तंबू त्या पट्टीवर उभा असतो.

बाकीचं मात्र सर्रास काढलं जायचं, आणि त्याचे परिणाम दिसायला लागले. कुणाचं नाक मधोमध खचायचं, कुणाच्या पडद्याला भोक पडून श्वास घेताना शिट्टी वाजायची. म्हणून 1940 च्या दशकात शिकागोच्याच मॉरिस कॉटल यांनी उलटा विचार मांडला : फेकू नका, सैल करा, सरळ करा, परत बसवा. आजची सेप्टोप्लास्टी या विचारातून आली.

हाच धडा टर्बिनेटच्या बाबतीतही गिरवावा लागला. टर्बिनेट म्हणजे नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या मांसल घड्या. त्या हवा गरम आणि ओलसर करतात. पूर्वी त्या कधीकधी पूर्ण कापल्या जायच्या. 1994 मध्ये मेयो क्लिनिकच्या कर्न आणि स्टेनक्विस्ट यांनी अशा काही रुग्णांच्या त्रासाला ‘एम्प्टी नोज सिंड्रोम’ म्हटलं. नाक आतून ऐसपैस, तरी माणूस गुदमरतोय! कारण श्वास ‘जाणवतो’ तो अस्तरातल्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंमुळे. मेंथॉल हुंगल्यावर वाट रुंद न होताही नाक मोकळं वाटतं, ते याचमुळे. आमच्या धंद्यात चुकून उडवलेला कोड जुन्या आवृत्तीतून परत आणता येतो. इथे ती सोय नाही.

मग ऑपरेशन करूच नये का? तसं मुळीच नाही. 2019 मध्ये नेदरलँड्सच्या आणि 2023 मध्ये ब्रिटनच्या चाचण्यांनी नीट तुलना केली. ब्रिटनमध्ये 378 जण होते. काहींचं ऑपरेशन, बाकीच्यांना सहा महिने स्टेरॉइड आणि मिठाच्या पाण्याचा स्प्रे. 110 पैकी मोजल्या जाणाऱ्या त्रासाचा सरासरी आकडा सहा महिन्यांनी स्प्रेवाल्यांचा 39.5, ऑपरेशनवाल्यांचा 19.9. फरक चांगलाच मोठा आहे. डच चाचणीतही ऑपरेशनचीच बाजू वरचढ ठरली.

त्यामुळे माझा कल ऑपरेशनकडे आहे. पण आधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारणार. एक, त्रास खरंच पडद्याचा आहे की ॲलर्जीने अस्तर सुजतंय? नाकपुड्या दिवसभरात आलटूनपालटून चोंदतातच. कायम एकच बाजू बंद असेल तर पडद्यावर संशय जास्त. दोन, स्प्रे पुरेसे दिवस, नियमित वापरून झाला का? आणि तीन, तुम्ही काय काढणार यापेक्षा काय ठेवणार?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात सर्जन लोकांच्या काही पिढ्या गेल्या आहेत. आपण विचारायला लाजायचं कारण नाही. तुमच्यापैकी कुणी यातून गेलं असेल तर अनुभव जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.