'पू' म्हणजे नेमकं काय? आणि हा शब्द आला कुठून?

"गळू पिकलंय, त्यात पू झालाय," हे वाक्य आपण घरात कधी ना कधी ऐकलेलं असतं. पण पू म्हणजे नेमकं काय? आणि मराठीतल्या 'पू'चं इंग्रजीतल्या 'पस'शी काय नातं आहे? समजून घेऊया.

पू कशाचा बनतो?

जखमेत जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंना गिळून मारतात आणि या लढाईत स्वतःही मरतात. मेलेल्या पेशी, जिवंत-मेलेले जंतू, खराब झालेल्या मांसाचे कण आणि द्रव यांचं घट्ट मिश्रण म्हणजे पू. तो बहुधा पांढरा किंवा पिवळसर असतो. न्यूट्रोफिलमधल्या एका हिरव्या रंगाच्या एन्झाइममुळे कधी हिरवट छटाही दिसते.

खरचटल्यावर पाझरणारं पाण्यासारखं पातळ द्रव म्हणजे पू नव्हे. त्याला मराठीत 'लस' म्हणतात.

शब्द कुठून आला?

मराठी 'पू' हा संस्कृत 'पूय' या शब्दावरून आला. त्याचं मूळ 'कुजणे, दुर्गंध येणे' या अर्थाच्या धातूत आहे. संस्कृतात 'पूति' म्हणजे दुर्गंधी. भागवत पुराणातल्या नरकांच्या यादीत 'पूयोद' नावाचा एक नरकही आहे.

लॅटिनमध्ये याच अर्थाचा शब्द 'पूस' आणि ग्रीकमध्ये 'प्यॉन'. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच भाषाकुळातल्या भाषा असल्याने हे शब्द एकमेकांचे भाऊबंद ठरतात. इंग्रजीने 'पस' हा शब्द लॅटिनमधून घेतला. म्हणजे मराठीने तो इंग्रजीकडून किंवा इंग्रजीने मराठीकडून उचललेला नाही. दोघांचं मूळ एकच, हजारो वर्षं जुनं.

हिरड्यांचा 'पायोरिया' हा शब्दही याच घरातला. 'प्यॉन' म्हणजे पू आणि 'र्‍होइया' म्हणजे वाहणं. 'डायरिया'च्या शेवटीही हेच 'वाहणं' आहे.

पू येणं चांगलं की वाईट?

युरोपात अनेक शतकं वैद्यांचा असा समज होता की जखमेतून घट्ट पांढरा पू येणं हे बरं होण्याचं लक्षण आहे. 13व्या शतकात इटलीतल्या थिओडोरिक या शल्यचिकित्सकाने याला विरोध केला, पण हा समज लगेच गेला नाही. 1867 मध्ये जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक अॅसिड वापरून जखमा जंतूंपासून वाचवता येतात हे मांडलं आणि चित्र बदलू लागलं.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्ची सूज कापणं आणि पिकलेली तशीच सोडणं, दोन्ही चूक, असं तिथे बजावलं आहे. आपण आजही गळू 'पिकलं' असंच म्हणतो.

पुवात सापडला डीएनए

1869 मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगन इथे फ्रीडरिश मीशर हे तरुण संशोधक दवाखान्यातून आलेल्या, पुवाने माखलेल्या पट्ट्या तपासत होते. त्यातल्या पेशींच्या केंद्रकातून त्यांनी एक नवा पदार्थ वेगळा केला आणि त्याला 'न्यूक्लिन' असं नाव दिलं. तोच पुढे डीएनए म्हणून ओळखला गेला.

पू झाला तर काय करावं?

गळू किंवा पुळी दाबून फोडू नका, सुईने टोचू नका. जंतू आणखी आत ढकलले जाऊ शकतात. नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या आसपास तर मुळीच नाही. तिथला संसर्ग क्वचित का होईना, मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

ताप किंवा थंडी वाजून येणं, सूज आणि लाली पसरत जाणं, जखमेपासून वर चढणारी लाल रेघ दिसणं, अशी लक्षणं असतील तर लगेच डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर लहान गळूही अंगावर काढू नका. मोठ्या गळवातला पू बहुतेक वेळा डॉक्टरांना चीर देऊन बाहेर काढावा लागतो, नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. कुणाच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मनाने घेणं तर टाळाच.