खुराक ते प्रोटीन पावडर : उज्जैन व माळव्यातील आखाडा-परंपरेचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

महाविद्यालयीन तरुणांमध्ये व्यायामाची ओढ वाढत आहे, ही समाधानाची बाब होय. मात्र या ओढीबरोबरच स्नायू वाढविणाऱ्या व व्यायामानंतरचा थकवा घालविणाऱ्या पूरक आहाराचे डबेही तरुणांच्या हाती आले आहेत. प्रोटीन पावडर, क्रिएटिन यांसारखे शब्द आज लहान शहरांतील विद्यार्थ्यांच्याही तोंडी असतात. ही सर्व पाश्चात्त्य देशांतून आलेली नवी गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. प्रत्यक्षात व्यायाम करणाऱ्याने रोजच्या जेवणाखेरीज वेगळे काही घ्यावे, ही कल्पना आपल्याकडे अनेक शतके रुजलेली आहे. तिला 'खुराक' असे नाव आहे. उज्जैन व माळव्याच्या संदर्भात या कल्पनेचा इतिहास पाहणे, तसेच जुन्या व्यवस्थेतील कोणती गोष्ट आज हरवली आहे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांची साक्ष

आखाड्यातील मराठी बोली हा इतिहासाचा एक महत्त्वाचा पुरावा आहे. 'खुराक', 'पहिलवान', 'जोर' हे शब्द फारसीतून आले. 'मेहनत' हा मूळ अरबी शब्द होय. 'वस्ताद' हे 'उस्ताद' या शब्दाचे मराठी रूप आहे. 'तालीम' या शब्दाचा मूळ अरबी अर्थ तर 'शिक्षण' असा आहे. मराठी माणसाने कुस्तीच्या जागेला शिक्षणाचे नाव दिले, ही बाब लक्षणीय आहे. दुसरीकडे 'मल्ल', 'मल्लखांब', 'गदा' हे शब्द संस्कृत परंपरेतील आहेत. अबुल फजल यांच्या 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या दरबारातील पहिलवानांचा उल्लेख असून त्यांत इराणी व तुराणी पहिलवानांच्या बरोबरीने गुजरातचे मल्लही आहेत. आजची कुस्ती या दोन प्रवाहांच्या संगमातून घडली. खुराकाची कल्पनाही याला अपवाद नाही.

ग्रंथांतील पौष्टिक आहार

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात (सुमारे ११३०) मल्लांच्या करमणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांची वर्गवारी, त्यांचा सराव व त्यांना राजाकडून द्यावयाचा आहार यांचे वर्णन येते. डाळी, मांस, दूध, तूप अशा पदार्थांना त्यात स्थान आहे. मल्लाचा आहार ही राज्याची जबाबदारी आहे, असे येथे गृहीत धरलेले दिसते.

माळव्यातील पुरावा त्यानंतरचा आहे. मांडूचा सुलतान गियासुद्दीन खिलजी (१४६९–१५००) याच्या काळात 'नेमतनामा' हा सचित्र पाकग्रंथ सुरू झाला व त्याचा पुत्र नासिरुद्दीन याच्या काळात पूर्ण झाला. फारसीत लिहिलेल्या या ग्रंथात हिंदवी शब्द जागोजाग येतात. खीर, हलवा, सरबते यांच्याबरोबरच शक्तिवर्धक औषधी पाककृती व शिकारीला जाताना सोबत न्यावयाच्या वस्तू यांचाही त्यात समावेश आहे. हा ग्रंथ कुस्तीचा नाही. तरीही अन्न आणि औषध यांच्या सीमेवरील पदार्थांची दखल माळव्याच्या दरबारात किती बारकाईने घेतली जात होती, हे त्यावरून कळते. उज्जैनजवळ क्षिप्रेच्या काठी असलेला कालियादेह महाल याच नासिरुद्दीनच्या नावाशी जोडला जातो.

युनानी वैद्यकात शक्ती देणाऱ्या औषधांना 'मुकव्वी' म्हणतात, तर आयुर्वेदात शरीर भरून काढणाऱ्या उपचाराला 'बृंहण' ही संज्ञा आहे. व्यायाम आपल्या बळाच्या निम्म्यापर्यंतच करावा, असा सुश्रुतसंहितेचा दंडक आहे. आहार, श्रम आणि विश्रांती या तिन्हींचे प्रमाण एकत्र ठरवावे, ही या विचारामागील मूळ धारणा होय.

शिंदेशाही आणि राजाश्रय

अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांच्याबरोबर उज्जैनमध्ये मराठी सत्ता आली. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळील लष्कर येथे नेईपर्यंत उज्जैन हे शिंद्यांचे मुख्य ठाणे होते. या काळात अनेक मराठी कुटुंबे माळव्यात स्थायिक झाली. मराठी मुलखातील तालमीचे व मल्लखांबाचे संस्कारही त्यांच्यासोबत आले.

संस्थानी काळात पहिलवानाचा खुराक दरबाराच्या खर्चाने चाले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी मल्लांना दिलेला आश्रय आणि १९१२ मध्ये उभारलेले खासबाग मैदान सर्वश्रुत आहे. इंदूरचे होळकर, बडोद्याचे गायकवाड, दतिया व पतियाळाचे राजे यांनीही पहिलवान पोसले. बडोद्यात उस्ताद जुम्मादादा यांच्या नावाचे व्यायाममंदिर त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी नावारूपास आणले. धर्मभेदापलीकडील गुरुशिष्य-परंपरेचे हे ठळक उदाहरण होय.

या व्यवस्थेत पैसा राजाचा असला तरी प्रमाण वस्तादाचे असे. कोणत्या पठ्ठ्याने किती दूध प्यावे, तूप कधी वाढवावे, बदाम किती घोटावेत हे वस्ताद ठरवी. पठ्ठ्याची मेहनत, पचनशक्ती व वय त्याच्या रोज डोळ्यांसमोर असे. मेहनत वाढल्याखेरीज खुराक वाढत नसे.

गामांचा खुराक : आख्यायिका आणि हिशोब

१० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये झिबिस्को या नामांकित पोलिश मल्लाला अडीच तासांहून अधिक काळ बचावाच्या पवित्र्यात ठेवणारे गामा (१८७८–१९६०) यांचे बालपण दतिया दरबाराच्या आश्रयाने घडले. त्यांच्या खुराकाविषयी अनेक आकडे सांगितले जातात. रोज दहा लिटर दूध व दीड पौंड बदाम हा त्यांपैकी वारंवार आढळणारा आकडा आहे.

या आकड्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावधपणे पाहावयास हवे. भारतात दशमान वजन-मापांचा कायदा १९५६ चा आहे. गामांच्या उमेदीच्या काळात दूध शेरावर मोजले जाई. म्हणजेच 'लिटर' हा शब्द नंतरच्या सांगणाऱ्यांचा आहे. दुसरे असे की, गाईचे दहा लिटर दूध धरले तरी त्यातून सुमारे ७,००० किलोकॅलरी व ३०० ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. त्यात दीड पौंड बदामांच्या सुमारे ४,००० किलोकॅलरींची भर पडते. दिवसभर हजारोंनी जोर-बैठका काढणाऱ्याचाही हा नेहमीचा आहार असेल, असे मानणे कठीण आहे. खुराकाचे मोठे आकडे हे पहिलवानाच्या कीर्तीचा आणि आश्रयदात्या राजाच्या औदार्याचा भाग होते. आज तेच आकडे तरुणांसमोर आदर्श म्हणून ठेवले जातात, तेव्हा त्यामागील मेहनत मात्र सांगितली जात नाही.

विज्ञानाचा निर्वाळा

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४० च्या दशकात स्नायूंच्या श्रमाला लागणारी शक्ती प्रथिनांतून येते, असे मत मांडले. १८६५ मध्ये फिक व विस्लिसेनस या दोघा शास्त्रज्ञांनी प्रथिनरहित आहार घेऊन स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न हे शिखर चढले आणि लघवीतील नायट्रोजन मोजून हे मत चुकीचे ठरवले. श्रमाची शक्ती मुख्यतः पिष्टमय व स्निग्ध पदार्थांतून मिळते, तर प्रथिने झीज भरून काढतात व स्नायू बांधतात. या दृष्टीने पाहता दूध, साखर, बदाम, खसखस व मगज घातलेली आखाड्यातील थंडाई बरीच शास्त्रशुद्ध ठरते. घामावाटे गेलेले पाणी, खर्च झालेली शक्ती व झिजलेल्या स्नायूंना लागणारी प्रथिने या तिन्हींची सोय तिच्यात होते.

भांग घातलेल्या थंडाईची गोष्ट वेगळी आहे. माळवा हा अफूचाही प्रदेश होता आणि उज्जैन ही अफूची मोठी बाजारपेठ होती. अशा पदार्थांनी थकवा जाणवेनासा होतो, शरीराची झीज मात्र भरून येत नाही. थकवा भरून काढणे आणि थकवा लपवणे यांतील हा फरक आजच्या संदर्भातही महत्त्वाचा आहे.

राजाश्रयाचा अंत आणि डब्याचे आगमन

डब्यातील प्रथिनांचा इतिहासही शंभर वर्षांहून जुना आहे. १९०५ मध्ये हिंदुस्थानात शक्तीचे प्रयोग करून गेलेला युजीन सॅन्डो हा 'प्लाझ्मॉन' या दुधातील प्रथिनांच्या पावडरीची जाहिरात करीत असे. आजच्या व्हे प्रोटीनचे मूळही दुधातच आहे. चीज किंवा पनीर करताना वेगळ्या होणाऱ्या पाण्यातून ते काढले जाते. क्रिएटिनचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३२ मध्ये मांसातून लावला. ते घेतल्याने स्नायूंतील त्याचा साठा वाढतो, हे १९९२ मध्ये प्रयोगाने दाखविले गेले.

१९४८ मध्ये ग्वाल्हेर व इंदूर ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि दरबारी खुराकाची परंपरा संपुष्टात आली. आखाडे टिकले, परंतु खुराकाचा भार कुटुंबावर पडला. उज्जैनने या काळात मल्लखांबाच्या रूपाने आपली परंपरा जपली. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडेचा दर्जा दिला. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील मल्लखांबाचे सामने उज्जैनमध्येच झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मल्लखांबपटूला स्वतःचे सारे वजन हातापायांवर तोलावे लागते, त्यामुळे अनावश्यक वजन त्याला अडचणीचे ठरते. कुस्तीगिराचा खुराक त्याच्या उपयोगाचा नाही. खुराक हा व्यायामाच्या प्रकारावरून ठरतो, हे जुने सूत्र येथे प्रत्ययास येते.

बाजारातील डब्याला मात्र घेणाऱ्याची मेहनत, वय किंवा प्रकृती माहीत नसते. डब्यावरील मजकूर तरी विश्वासार्ह असावा, अशी अपेक्षा असते. परंतु २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिनपूरकांपैकी सुमारे ७० टक्के उत्पादनांवरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. काहींत बुरशीजन्य विषाचे अंशही सापडले.

याहून गंभीर धोका स्टिरॉइडचा आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकपूर्वी, तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांच्या चाचणीत मेथॅन्डिएनोन हे स्टिरॉइड आढळले. आपल्या खाण्यापिण्यात दुसऱ्याने भेसळ केली, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील उत्तेजकविरोधी संस्थेने ते मान्य केले, तथापि आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. आपल्या शरीरात काय जाते याची जबाबदारी खेळाडूचीच आहे, हा नियम या प्रकरणामुळे सर्वांसमोर आला.

निष्कर्ष

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्नायू वाढविण्यासाठी प्रथिनपूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे. प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. नियमित भारव्यायाम करणाऱ्यालाही साधारण १.६ ग्रॅमपलीकडे विशेष लाभ होत नाही, असे संशोधन सांगते. म्हणजे ६० किलो वजनाच्या विद्यार्थ्याला फार तर ९६ ग्रॅम प्रथिने लागतात. अर्धा लिटर दूध, १०० ग्रॅम डाळ, मूठ-दोन मुठी फुटाणे, दोन अंडी, २०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या व थोडे शेंगदाणे किंवा मांस एवढ्यात ही गरज बहुतांशी भागते. महागडा डबा घेण्यासाठी जेवणाला कात्री लावणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा हिशोब विशेष महत्त्वाचा आहे.

राजाचा खजिना पुन्हा उभा राहणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. उणीव आहे ती प्रमाण सांगणाऱ्या वस्तादाची. व्यायामशाळेत जाणारा विद्यार्थी काय खातो, काय पितो, ते कोणी सुचविले आणि त्यासाठी पैसे कोठून आणले, हे प्रश्न आज त्याला बहुधा कोणीच विचारत नाही. महाविद्यालयातील शिक्षक हे प्रश्न आपुलकीने विचारू शकतात. क्रीडाशिक्षक, विज्ञानशिक्षक व इतिहासाचे शिक्षक यांनी मिळून वर्षाच्या आरंभी एक तास जरी या विषयाला दिला, तरी अनेक विद्यार्थी वेळीच सावध होतील. 'तालीम' या शब्दाचा मूळ अर्थ पाहता हे काम शिक्षकाच्या कर्तव्यातच मोडते.