स्वयंसेवक उद्बोधन (राष्ट्रीय सेवा योजना)

स्वयंसेवक उद्बोधन म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत (रासेयो) नाव नोंदविलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची प्रत्यक्ष समाजकार्यास आरंभ करण्यापूर्वी करून घेतली जाणारी तयारी होय. श्रमदान, वृक्षारोपण, स्वच्छता यांसारख्या कामांत या तयारीची उणीव फारशी जाणवत नाही. मात्र वस्तीतील अभ्यासवर्ग, किशोरवयीन मुलामुलींचे गट, खेळांची शिबिरे अशा युवा विकासाच्या कामांत तिच्यावाचून स्वयंसेवक आणि मुले या दोघांचेही नुकसान होते. प्रस्तुत लेखात मुख्यतः पुणे शहरातील अनुभवक्षेत्राच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

सेवेपूर्वी शिक्षण हवे, हा विचार पुण्याला नवा नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत नव्या सभासदाला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. अर्थात तेथे आयुष्य वाहून घेणारे कार्यकर्ते अभिप्रेत होते. शिक्षण सांभाळून सेवा करणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर पुढे आला.

डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) विद्यार्थ्यांच्या ऐच्छिक राष्ट्रसेवेचा पुरस्कार केला. १९५९ साली डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने ही सेवा सक्तीची करावी अशी शिफारस केली. त्यानंतर के. जी. सैय्यदैन यांनी अनेक देशांतील पद्धतींचा अभ्यास केला आणि सेवा ऐच्छिकच असावी असा अभिप्राय १९६० मध्ये दिला. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत योजनेचा प्रारंभ केला. पहिल्या वर्षी सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत सामील झाले.

तासांची विभागणी

स्वयंसेवकाने वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि सात दिवसांच्या एका विशेष शिबिरात सहभागी व्हावे, अशी अपेक्षा असते. नियमावलीनुसार प्रारंभीचे २० तास उद्बोधनासाठी राखलेले आहेत. त्यांपैकी दोन तास योजनेच्या सर्वसाधारण परिचयाचे, आठ तास ज्या समाजात काम करायचे त्याच्या विशेष ओळखीचे आणि दहा तास कामास लागणारी कौशल्ये शिकण्याचे. उरलेल्या १०० तासांपैकी परिसरातील कामाला ३० आणि समाजातील कामाला ७० तास दिले जातात.

कागदावर ही वाटणी विचारपूर्वक केलेली दिसते. व्यवहारात मात्र एका कार्यक्रम अधिकाऱ्याकडे साधारणपणे १०० स्वयंसेवकांचे एकक असते आणि तो अधिकारी स्वतः पूर्णवेळ अध्यापन करणारा प्राध्यापक असतो. त्यामुळे विशेष ओळखीचे आठ आणि कौशल्याचे दहा तास पाहुण्यांच्या एक-दोन व्याख्यानांत आटोपण्याचा मोह होतो. वस्तीत काम करावयाचे असेल तर मुलांचे पालक कोणत्या कामावर जातात, घरात कोणती भाषा बोलली जाते, पाणी कोणत्या वेळी येते, शाळा सकाळची की दुपारची, हे व्याख्यानातून कळत नाही. त्यासाठी काम सुरू करण्यापूर्वी वस्तीत दोन-तीन फेऱ्या मारणे आणि तेथील मुख्याध्यापक किंवा अंगणवाडी सेविका यांच्याशी बोलणे हाच मार्ग आहे. पुण्यात शिकण्यासाठी येणाऱ्या मुलांपैकी बरीच ग्रामीण भागातून आलेली असतात. शिबिराच्या दत्तक गावात ती सहज रुळतात, पण शहरातील वस्ती त्यांनाही तितकीच अपरिचित असते.

सेवा कोणासाठी?

योजनेचे बोधवाक्य ‘मी नव्हे, तुम्ही’ अशा आशयाचे आहे. योजनेचा मूळ हेतू मात्र समाजसेवेतून विद्यार्थ्याचा व्यक्तिमत्त्व विकास हा आहे. राष्ट्रीय युवा धोरण २०१४ नुसार १५ ते २९ या वयोगटाला युवा मानले जाते. म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा स्वयंसेवक आणि त्याच्या गटातील पंधरा वर्षांची मुलगी हे दोघेही ‘युवा’च ठरतात. झाड लावताना या दुहेरी हेतूने काही बिघडत नाही. माणसांबरोबर काम करताना बिघडू शकते, कारण तेथे एकाच्या शिकण्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण वेळापत्रकाचे आहे. विद्यापीठाच्या सत्र परीक्षा सामान्यतः दिवाळीच्या आगेमागे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. शाळांची प्रथम सत्र परीक्षा आणि दहावीची परीक्षाही त्याच सुमारास असते. मुलांना मदतीची गरज सर्वाधिक असते तेव्हाच ताई-दादा येईनासे होतात. आधीच अनेकदा शाळा सोडण्याच्या उंबरठ्यावर असलेले मूल याचा अर्थ आपल्या परीने लावते. म्हणून एका गटावर वेगवेगळ्या वर्षांचे किंवा विद्याशाखांचे दोन स्वयंसेवक असावेत, शेवटच्या भेटीची तारीख मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगावी आणि पुढील वर्षीच्या स्वयंसेवकाची ओळख जुन्याने स्वतः करून द्यावी, या गोष्टी उद्बोधनातच शिकवाव्या लागतात.

बालसुरक्षा

‘पॉक्सो’ या नावाने परिचित असलेल्या २०१२ च्या अधिनियमानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळणाऱ्या कोणत्याही व्यक्तीवर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे. स्वयंसेवकही याला अपवाद नाही. एखादे मूल विश्वासाने काही सांगू लागले तर ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, हे त्याला आधी माहीत असले पाहिजे. प्रसंग ओढवल्यावर ते शिकवता येत नाही. कार्यक्रम अधिकाऱ्याचा संपर्क क्रमांक आणि १०९८ ही बालक मदतवाहिनी प्रत्येकाच्या टिपणवहीत असावी. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम २०१५ ने मनाई केली आहे. कामाच्या अहवालासाठी छायाचित्रे जोडण्याची प्रथा असल्याने हा नियम नकळत मोडला जाण्याचा संभव असतो.

पुण्यातील अन्य परंपरा

४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले राष्ट्र सेवा दल आणि १९६२ साली डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी स्थापन केलेली ज्ञान प्रबोधिनी यांची वैचारिक वाट वेगळी आहे. तयारीची रीत मात्र बरीचशी सारखी आहे. दलावर खेळलेले मूल मोठे होऊन त्याच दलावर ताई किंवा दादा होते. व्याख्यानापेक्षा उमेदवारीवर भर असतो. अशी घडण होण्यास काही वर्षे लागतात, त्यामुळे ती दोन वर्षांच्या योजनेत जशीच्या तशी बसवता येत नाही. कर्वे समाजसेवा संस्थेसारख्या व्यावसायिक समाजकार्य शिक्षणसंस्थांत विद्यार्थी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली क्षेत्रकार्य करतो आणि भेटींची लेखी नोंद ठेवतो. ही नोंदवही रासेयोच्या एककाला सहज उचलता येण्याजोगी आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत महाराष्ट्रातील विद्यापीठांनी रासेयोला सह-अभ्यासक्रमात स्थान देऊन तिच्यासाठी श्रेयांक ठेवले आहेत. त्यामुळे आवडीने येणाऱ्यांबरोबर केवळ श्रेयांकासाठी येणारेही एककात दाखल होतात आणि कोणाला मुलांच्या गटावर पाठवायचे व कोणाला अन्य काम द्यायचे, ही निवड कार्यक्रम अधिकाऱ्याला उद्बोधनाच्या काळातच करावी लागते.