दारूगोळ्याची माती, शेणखताचा उतारा

भुसावळ सोडलं की वरणगाव लागतं. मग मलकापूर, नांदुरा, शेगाव करत गाडी पुढे पुलगावला पोचते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जाणाऱ्या या लोहमार्गाच्या एका टोकाला वरणगावचा दारूगोळा बनवणारा कारखाना, तर दुसऱ्या टोकाला पुलगावचं, तो साठवणारं देशातलं सर्वांत मोठं भांडार. बनवणं आणि साठवणं आपल्याला कधीच जमलं. त्यातलं जे मातीत सांडतं त्याचं काय करायचं, हा प्रश्न मात्र जगभर सगळ्यात शेवटी विचारला गेला.

टीएनटी 1863 साली युलिउस विलब्रांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. त्याचा पहिला उपयोग पिवळा रंग म्हणून झाला. आरडीएक्सचं पेटंटही 1899 साली जर्मनीतच घेतलं गेलं, आणि तेही औषध म्हणून! टीएनटी तोफगोळ्यांत भरायला जर्मनांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घेतलं. साधारण 80 अंशांना ते वितळतं, म्हणजे कढईतून ओतावं तसं कवचात ओतता येतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या कारखान्यांत ते भरणाऱ्या बायकांची कातडी पिवळी पडली. मातीचं काय होतं, हे तेव्हा कोण पाहतंय?

मातीचा घोटाळा झाला तो जुना माल रिकामा करताना. ओतायचा मार्ग तोच, फक्त उलटा : वाफ सोडायची, टीएनटी वितळवून काढायचं आणि कवच धुवायचं. ते धुवण उन्हात लालसर होतं. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या उमाटिला डेपोत 1950च्या दशकापासून ते उघड्या कच्च्या तळ्यांत सोडलं जायचं. तळ्यांतून जमिनीत, जमिनीतून भूजलात. टीएनटी मातीला बरंचसं धरून राहतं. आरडीएक्स पाण्याबरोबर खाली उतरतं आणि विहिरीत पोचतं. म्हणून यातलं दुसरं जास्त लबाड.

अशी माती भट्टीत जाळायची, हा पहिला उपाय. तो महागडा, आणि जाळलेली माती मातीच राहत नाही. उमाटिलात 1990च्या दशकात दुसरी वाट काढली गेली. दूषित माती साधारण तीस टक्के, बाकी गायीचं शेण, लाकडाचा भुसा, लसूणघास आणि बटाट्याचा टाकाऊ माल. लांबलचक ढीग रचायचे आणि यंत्राने परतत राहायचं. ढीग आतून तापतो, जिवाणू टीएनटीची मोडतोड करतात, उरलेलं ह्यूमसला घट्ट चिकटतं. चाळीस दिवसांच्या चाचणीत 99 टक्क्यांहून जास्त टीएनटी गेलं. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी हा ढीग पाहून म्हणेल, यात नवं काय? नवं एवढंच, की लष्कराने तो रचला.

पुढची पिढी झाडांची. 1999 साली जिवाणूचं जनुक घातलेली तंबाखूची रोपं स्फोटकं पचवू लागली. 2021 साली न्यूयॉर्क राज्यातल्या फोर्ट ड्रम इथे जनुक बदललेल्या गवताने हेक्टरी 27 किलो आरडीएक्स संपवल्याची नोंद प्रसिद्ध झाली.

आणि आपण? 31 मे 2016च्या पुलगावच्या भांडारातल्या आगीनंतर टीएनटी झिरपणाऱ्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे बोट दाखवलं गेलं. 20 नोव्हेंबर 2018 रोजी तिथेच, सोनेगाव आबाजीच्या मैदानात, निकामी माल उडवण्यासाठी नेताना स्फोट होऊन सहा जण गेले. दोन्ही वेळी चर्चा जिवांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण खड्ड्यात उडवलेला माल सगळा जळत नाही, हेही खरं आहे.

जुलै 2025मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. तोवर देशभरात अशा 103 जागांची नोंद झाली होती, आणि सफाईचं काम फक्त सात ठिकाणी सुरू होतं. नव्या नियमांनुसार संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी करायची आहे. खारपाण पट्ट्यातल्या माणसाला विहीर बिघडणं म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. त्याने, आणि पुलगावच्या शिवारातल्यांनीही, ही यादी आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात मागून पाहावी.