साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची एक भला मोठा तक्ता घेऊन माझ्याकडे आली. परदेशांतील अकरा विद्यापीठांची नावे, त्यांपुढे फी, राहण्याचा खर्च आणि शिष्यवृत्तीची रक्कम. एका विद्यापीठाचे नाव ऐकून शेजारीपाजारी थक्क व्हावेत, पण तिथून मदत एका पैचीही नाही. दुसऱ्याचे नाव आमच्या गल्लीत कुणी ऐकलेले नाही, पण तिच्या गुणांवर त्याने सगळी फी माफ केलेली. तिचे वडील राहता फ्लॅट गहाण टाकायला निघाले होते. "मामा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. नाव पाहू की पैसा?" असे तिने विचारले.

मी तिला सल्ला दिला नाही. सल्ला देण्याचे धाडस मास्तराच्या अंगी निवृत्तीनंतर उरत नाही. मी तिला १९१३ सालची एक हकीकत सांगितली. तीच इथे मांडतो.

त्या काळी परदेशी शिक्षणाच्या वाटा मोजक्याच होत्या. सरकारी शिष्यवृत्ती विलायतेकडे नेई. याच वाटेने रघुनाथराव परांजपे १८९६ साली केंब्रिजला गेले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. जमशेटजी टाटांनी १८९२ साली निधी उभारला होता, पण ती मदत कर्जाऊ, पुढे फेडायची. तिसरी वाट संस्थानिकांच्या औदार्याची. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ साली अमेरिका पाहिली होती आणि तिथल्या शिक्षणाची त्यांच्यावर छाप पडली होती. आपल्या खर्चाने काही विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवावेत, असे त्यांनी मनात घेतले.

त्या विद्यार्थ्यांत भीमराव रामजी आंबेडकर होते. एल्फिन्स्टन कॉलेजात असतानाही बडोद्याचे दरमहा पंचवीस रुपये त्यांना मिळत. बी. ए. होऊन ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले न झाले, तोच २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. मुंबईत घरचा प्रपंच अंगावर आला. ४ जूनला त्यांनी करारावर सही केली : तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची चाकरी.

आता पाहा. विद्यापीठ त्यांनी तक्ता मांडून निवडले नव्हते. शिष्यवृत्तीने ते त्यांच्यासाठी निवडले. पण तिथे गेल्यावर काय घ्यायचे, ही निवड त्यांची होती, आणि ती त्यांनी किती हावरेपणाने केली! अर्थशास्त्राचे एकोणतीस अभ्यासक्रम, इतिहासाचे अकरा, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. सेलिग्मन अर्थशास्त्राला, ड्यूई तत्त्वज्ञानाला. १९१५ साली एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. वयाची पंचवीस वर्षे नुकतीच पुरी झाली होती.

मात्र दोरीची लांबी ठरलेली होती. न्यूयॉर्कहून ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातले. तोच मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. बोटीने वेगळी पाठवलेली ग्रंथसंपदा महायुद्धातल्या पाणतीराने समुद्रात गेली.

करार पाळायला ते बडोद्यास गेले. कचेरीतले शिपाई कागद लांबूनच टेबलावर टाकीत. गावात भाड्याने खोली मिळेना. पारशी म्हणून एका उतारशाळेत राहिले, पण जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ज्या संस्थानाने सातासमुद्रांपलीकडचा खर्च उचलला, त्याच्या राजधानीत या विद्वानाला रात्रीपुरते छप्पर मिळाले नाही. महाराज देऊ शकत होते ते त्यांनी दिले. शहराची माणुसकी काही त्यांच्या खजिन्यात नव्हती.

उरलेले शिक्षण आंबेडकरांनी शिष्यवृत्तीविना पुरे केले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी. एस्सी. झाले. आणि १९२५ साली कोलंबियाचा प्रबंध ग्रंथरूपाने निघाला, तो त्यांनी अर्पण केला सयाजीराव गायकवाडांना, शिक्षणाच्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून. बडोद्याचा अपमान ते विसरले नव्हते. पण कुणाचे देणे कुणाच्या खात्यावर मांडायचे, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

भाचीला मी आणखी एकच गोष्ट सांगितली. केंद्र सरकारची दलित विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ सालच्या तिच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. असा नियम लावला असता, तर १९१६ सालचा तो निबंध शिष्यवृत्तीच्या बाहेरच राहिला असता. तेव्हा, पोरी, रकमेबरोबर अटही वाच. किती वर्षे, कोणता विषय, शिकवणारे कोण, आणि परतल्यावर बांधिलकी कुणाची.

ती मुकाट्याने उठली. दुसऱ्या दिवशी तक्त्यात चार नवे रकाने आखून आली. नामांकित विद्यापीठात तिच्या विषयाचा माणूसच नव्हता. आमच्या गल्लीत कुणी न ऐकलेल्यात होता. फ्लॅट गहाण पडला नाही. ऑगस्टात ती गेली.

तक्ता माझ्याकडे राहिला आहे. शेवटच्या रकान्यात, 'परतल्यावर काय' याखाली, तिने काही लिहिलेले नाही. ते तिच्या एकटीने भरायचे नाही. त्यातला काही मजकूर आपल्यालाही लिहावा लागेल.