थेंब आणि लोंढा : परळ-प्रभादेवीच्या जिन्याचा इतिहास

परळ आणि प्रभादेवी ही मुंबईतली दोन उपनगरी स्थानके. पहिले मध्य रेल्वेवर आहे, दुसरे पश्चिम रेल्वेवर. प्रभादेवीला जुलै २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणत. दोन्ही इतकी शेजारी आहेत की पादचारी पुलावरून चालत एका स्थानकातून दुसऱ्यात जाता येते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे प्राणाला मुकली.

त्या सकाळी गाडी रुळावरून घसरली नव्हती. आग लागली नव्हती. पूलही कोसळला नव्हता, तो जागच्या जागी उभा होता. यंत्र म्हणून पाहिले तर रेल्वेचा प्रत्येक भाग आपापले काम करत होता. मग बिघडले काय? याचे उत्तर शोधायचे तर थोडा इतिहास पाहावा लागतो आणि सातवी-आठवीच्या गणिताची मदत घ्यावी लागते. या लेखात आपण दोन्ही करणार आहोत.

दोन कंपन्या, दोन वाटा

मुंबईची रेल्वे एका हाताने बांधलेली नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली, ती ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीची. दुसरी कंपनी बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया. तिची वाट गुजरातकडून आली आणि १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली. १८६७ च्या एप्रिलमध्ये या कंपनीने विरारहून मुंबईत येणारी रोजची गाडी सुरू केली. मुंबईच्या पश्चिम उपनगरी वाहतुकीची सुरुवात ती.

मुंबई बेट लांबट आणि अरुंद. त्यामुळे दोन्ही कंपन्यांचे रूळ काही ठिकाणी अगदी जवळ येतात. दादरला येतात, तसेच परळलाही. पण प्रत्येक कंपनीने आपल्या रुळांकाठी आपले स्थानक बांधले, आपले फलाट घातले, आपले जिने चढवले. दोन्ही मिळून एकच मोठे स्थानक आहे, असा विचार करण्याचे कारण तेव्हा कोणालाच नव्हते. स्वातंत्र्यानंतर, १९५१ साली, रेल्वेचे विभाग पाडले गेले तेव्हा एक वाट मध्य रेल्वेकडे गेली आणि दुसरी पश्चिम रेल्वेकडे. कंपन्या गेल्या, पण त्यांनी आखलेली सीमा राहिली. प्रवाशांच्या दृष्टीने एकच असलेली जागा कागदावर दोनच राहिली.

भोंग्याच्या काळातले स्थानक

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परळ, लालबाग, लोअर परळ हा सारा भाग कापडगिरण्यांनी भरला. गिरणगाव हे नाव पडले ते त्यामुळे. रेल्वेचे स्वतःचे कारखानेही इथेच आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाचा परळला, दुसऱ्या कंपनीचा लोअर परळला.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गिरणीत काम करणारे बरेचसे कामगार गिरणीच्या आसपासच्या चाळींतच राहत. भोंगा झाला की पायी निघत. शिवाय काम पाळ्यांत चाले, म्हणजे सगळे कामगार एका वेळी येत-जात नसत. शहरातल्या कचेऱ्या बहुतांशी दक्षिणेला, कोटात होत्या. उपनगरांतून सकाळी निघालेली गाडी परळ ओलांडून पुढे जाई आणि चर्चगेट किंवा बोरीबंदरला रिकामी होई. गिरणगाव गजबजलेले होते, पण ती गर्दी मुख्यतः रस्त्यावरची होती, स्थानकाच्या जिन्यावरची नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या संपानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीवर दुसरे बांधकाम करण्याचा मार्ग खुला केला, २००१ मध्ये ते नियम आणखी बदलले आणि २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या काही गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. धुराड्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले. कोटातली कचेरी गिरणगावात आली म्हणा ना!

मनोऱ्यात काम करणारा माणूस मात्र शेजारच्या चाळीत राहत नाही. तो विरारहून, डोंबिवलीहून, कल्याणहून येतो. तो पाळीत येत नाही, साडेनऊ-दहाला येतो. आणि तो इथे उतरतो. याखेरीज के. ई. एम. आणि टाटा रुग्णालयांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आहेतच.

थेंब आणि लोंढा

स्थानकात रोज किती माणसे येतात, हा आकडा आपण नेहमी ऐकतो. पण जिन्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की त्यांतली चढणारी किती आणि उतरणारी किती?

गाडीत चढणारी माणसे घरून एकेकटी निघतात. कोणी दोन मिनिटे आधी पोचतो, कोणी धावत येतो. जिन्यावरून ती थेंबाथेंबाने फलाटावर येतात. उतरणाऱ्यांचे तसे नाही. गाडी थांबली की अर्ध्या मिनिटात शेकडो माणसे एकदम फलाटावर येतात आणि सगळ्यांना त्याच क्षणी जिना हवा असतो. दिवसभरातली एकूण संख्या अगदी सारखी असली, तरी थेंबांसाठी पुरणारा जिना लोंढ्याला पुरत नाही.

परळ-एल्फिन्स्टनचे दुखणे नेमके हे होते. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या तेव्हा स्थानकाची गर्दी वाढली एवढेच झाले नाही, तर गर्दीची जात बदलली. जिने मात्र जुनेच राहिले.

जिन्याचे गणित

नळातून किती पाणी जाईल हे आपण मुलांना शिकवतो. माणसांचा प्रवाहही तसाच मोजता येतो. एका चौरस मीटरमध्ये किती माणसे आहेत ही दाटी. दाटीला चालण्याच्या वेगाने गुणले की दर मीटर रुंदीतून दर सेकंदाला किती माणसे जातात ते मिळते. मोकळ्या रस्त्यावर आपण सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास चालतो. दाटी वाढली की वेग कमी होतो. सुरुवातीला दाटी वाढल्याचा फायदा जास्त असतो, म्हणून प्रवाह वाढतो. चौरस मीटरमध्ये दोनच्या आसपास माणसे झाली की प्रवाह कमाल होतो. त्यापुढे दाटी जितकी वाढेल तितका प्रवाह घटतो. चार माणसे झाली की चालणे म्हणजे पाय घासणे होते. सपाट वाटेवर हा कमाल प्रवाह मीटरमागे सेकंदाला साधारण सव्वा माणूस, आणि जिन्यावर साधारण एक माणूस असतो.

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तीन मीटर रुंदीचा जिना आहे. दर तीन मिनिटांनी एक गाडी येते आणि तिच्यातून ८०० माणसे उतरतात. जिन्यातून सेकंदाला ३ माणसे जातील, म्हणजे तीन मिनिटांत ५४० माणसे. पुढची गाडी आली तेव्हा आधीच्या गाडीतली २६० माणसे फलाटावरच आहेत. दुसऱ्या गाडीनंतर शिल्लक ५२०. दहा गाड्यांनंतर, म्हणजे अर्ध्या तासात, २६०० माणसे जिन्याखाली ताटकळत उभी!

हाच जिना साडेचार मीटर रुंद केला तर तीन मिनिटांत ८१० माणसे जातात आणि शिल्लक काहीच राहत नाही. मुद्दाम लक्षात घ्या, रुंदी दीडपट केली म्हणून गर्दी दीडपटीने कमी झाली असे नाही. ती साचणेच बंद झाले. प्रवाह येण्याचा वेग जाण्याच्या वेगाहून कमी असणे ही एक सीमारेषा आहे. तिच्या अलीकडे स्थानक चालते, पलीकडे ते तुंबते. आणि या रेषेच्या जवळ असलेले स्थानक वर्षानुवर्षे ‘चालते आहे’ असे वाटत राहते.

त्या सकाळी

आता २९ सप्टेंबरच्या सकाळकडे येऊ. कचेरीची वेळ होती. जोराची सर आली. पुलावरून बाहेर पडणारी माणसे छत्री नसल्याने जिन्याच्या छपराखाली थांबली. यात त्यांची काय चूक? आपणही थांबलो असतो. पण जिन्याचे जाण्याचे तोंड त्यामुळे जवळजवळ बंद झाले. गाड्या मात्र थांबल्या नव्हत्या. वर सांगितलेल्या उदाहरणात सेकंदाला ३ ऐवजी १ माणूस जातो असे धरले, तर दर गाडीमागे २६० च्या जागी ६२० माणसे साचतात. नऊ मिनिटांत ती १८६० होतात.

गर्दीचा अभ्यास करणारे अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी दाखवले आहे, की चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही, लाटेबरोबर ढकलला जातो. मागच्यांना पुढचे दिसत नाही. प्रत्येकाचा जोर थोडासाच असतो, पण तो एकापुढे एक असा साठत जातो. उतरत्या जिन्यावर वजनाचीही त्यात भर पडते. अशा वेळी माणसे पायदळी तुडवली जाऊन मरतात असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेकांना श्वास घेण्यासाठी छाती फुगवायलाच जागा उरत नाही, आणि ती गुदमरतात.

फुले पडली असे कोणी ओरडले आणि लोकांनी पूल पडला असे ऐकले, अशी हकिकत तेव्हा वृत्तपत्रांत आली होती. ती खरी असेल किंवा नसेल. पण इतकी दाटी झाल्यावर कारण शोधत बसण्यात अर्थ नसतो. एखाद्याचा पाय घसरणेही पुरते. लोक घाबरले म्हणून अपघात झाला असे म्हटले की दोष मेलेल्यांच्या माथी जातो आणि जिना सुटतो.

मोजले जाते ते सुधारते

या स्थानकांवर गर्दी होते हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. प्रवासी तक्रार करत होते. नव्या रुंद पुलाला मंजुरीही मिळालेली होती, पण अपघाताच्या दिवसापर्यंत प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालेले नव्हते.

या दिरंगाईमागे एक मोजमापाचा प्रश्न आहे असे आम्हांला वाटते. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी आली तेव्हा तिला चार डबे होते. पुढे आठ झाले, नऊ झाले, बारा झाले, काही गाड्यांना पंधराही झाले. दोन गाड्यांमधले अंतर कमी झाले. हे सारे रेल्वेने मोजून-मापून, मोठ्या कौशल्याने केले. गाडी किती मिनिटे उशिरा आली हेही रोज मोजले जाते. पण प्रवाशाचे तिकीट किंवा पास निघतो तो बहुधा त्याच्या घराजवळच्या स्थानकावर. तो रोज कुठे आणि किती वाजता उतरतो, फलाटावरून रस्त्यावर यायला त्याला किती मिनिटे लागतात, याची नोंद तिकीटखिडकीवर होत नाही. गाडीला तीन डबे जोडले की जिन्यावर येणारा लोंढाही तेवढा वाढतो. पण डबे जोडणे आणि जिना रुंद करणे ही दोन वेगळ्या खात्यांची कामे. त्यात इथे रेल्वेही दोन, आणि बाहेरचा रस्ता महापालिकेचा.

अपघातानंतर कामे झाली. लष्कराच्या अभियंत्यांनी इथे नवा पादचारी पूल उभारला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. मार्च २०१९ पासून परळहून गाड्या सुटू लागल्या. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये शेजारचा शंभरी ओलांडलेला रस्तापूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा त्यावरून चालणाऱ्यांनाही रेल्वेच्या पुलांचा आधार घ्यावा लागला. म्हणजे जिन्यावर येणारी माणसे पुन्हा बदलली. जिन्याचे गणित एकदा करून भागत नाही. शहर बदलले की ते पुन्हा करावे लागते.

वर्गात करण्यासारखे

हे गणित समजायला मुंबईतच असण्याची गरज नाही. शाळा सुटताना आपल्या वर्गाच्या दाराची रुंदी मोजा. घंटेनंतर एका मिनिटात किती मुले बाहेर पडतात ते मोजा. मग दाराचे एक पाखे बंद करून पुन्हा मोजा. मुले घाईने निघाली तेव्हाचा आणि रांगेने निघाली तेव्हाचा आकडा ताडून पाहा. शाळेच्या जिन्याची रुंदी घेऊन संपूर्ण मजला रिकामा व्हायला किती वेळ लागेल ते आधी कागदावर काढा, मग शिक्षकांच्या देखरेखीखाली पडताळून पाहा. गावच्या एस. टी. स्थानकाच्या किंवा जत्रेच्या मंडपाच्या दारालाही हेच गणित लागू पडते.

मोठी मुले पावसाळ्यात आणखी एक निरीक्षण करू शकतात. सर आली की माणसे कुठे थांबतात? बहुधा छप्पर जिथे संपते तिथे, म्हणजे नेमकी वाहत्या वाटेच्या तोंडाशी. ते छप्पर जिन्याच्या तोंडापासून पंधरा-वीस पावले पुढे नेले तर काय होईल, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा. उत्तर काढायला त्यांना गुणाकार-भागाकाराहून जास्त काही लागणार नाही.