फ्लॉवरचे तांदूळ

एकादशीला आमच्या घरी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी असते. वरीत तांदळाचा एक दाणाही नसतो, पण उपासाला भात चालत नाही आणि आमटी कशावर तरी ओतायची असते, म्हणून वरीला तांदळाची जागाही मिळाली आणि नावही. फ्लॉवर किसून त्याला भात म्हणायची, उकडून घोटून बटाट्याच्या जागी वाढायची चाल कुठून आली हे शोधताना मला सारखी ही वरी आठवत राहिली.

यातली बटाट्यावरची बंदी आधी आली, तीही लंडनमध्ये. विल्यम बँटिंग हा तिथला नामांकित गृहस्थ, अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा त्याचा धंदा. उंची पाच फूट पाच इंच आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. जिना उतरायचा तर पाठमोरा, सावकाश. ऐकू कमी येते म्हणून तो विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वीने पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद करायला सांगितले. साधारण वर्षभरात ४६ पौंड उतरले, आणि १८६३ मध्ये बँटिंगने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका छापून ही हकिगत लोकांसमोर ठेवली. ती इतकी गाजली की त्याचे आडनाव क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत पथ्याने वजन उतरवणे याला आजही ‘बांता’ म्हणतात.

त्याच्या पानात मांस होते, मासे होते, बटाटा सोडून कोणतीही भाजी चालत होती. बटाट्यासारखे काही मात्र नव्हते. ही जागा शंभर वर्षांहून अधिक काळ रिकामीच राहिली. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी १९७२ मध्ये कमी कर्बोदकांच्या आहाराचे पुस्तक लिहिले, त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, आणि २००३ च्या सुमाराला अमेरिकेत या पथ्याची लाट उसळली. त्याच वर्षी मायामीचे हृदयरोगतज्ज्ञ आर्थर अ‍ॅगॅटस्टन यांचे ‘साउथ बीच डाएट’ आले. त्यात घोटलेल्या फ्लॉवरची कृती बटाट्याच्या नावाने दिली होती. फ्लॉवर घोटणे स्वयंपाकाला नवे नव्हते. फ्रेंच स्वयंपाकात मादाम द्यू बारीच्या नावाने फ्लॉवरचे दाट सूप फार पूर्वीपासून होते. गंमत अशी की त्याला दाटपणा यावा म्हणून पुष्कळदा त्यात बटाटाच घालत. आता बटाटा काढायचा म्हणून फ्लॉवर आला.

पण फ्लॉवरच का? दुधी, कोबी, मुळा यांतही कर्बोदके कमीच असतात. माझ्या मते उत्तर त्या गड्ड्याच्या घडणीत आहे. आपण खातो ते फूल नव्हेच. फुलाच्या कळ्या उमलायला निघतात, अडतात, फूल होण्याऐवजी देठ होतात, त्या देठावर पुन्हा तशाच अडलेल्या कळ्या येतात, आणि असे हजारोंनी होऊन तो पांढरा गड्डा तयार होतो. २०२१ मध्ये फ्रेंच वैज्ञानिकांनी यामागची जनुकीय साखळी ‘सायन्स’ नियतकालिकात मांडली. मंडईत आपण ज्याला ‘फ्लॉवर’ म्हणतो, ते म्हणजे फूल व्हायचे राहून गेलेले अगणित कोंब. म्हणून तो किसणीवर लगेच भुरभुरतो आणि रवाळ दाणे पडतात. पानांआड वाढल्यामुळे पांढरा राहतो. स्वतःची चव सौम्य असल्यामुळे आमटी, तूप, चीज काहीही मानून घेतो. १०० ग्रॅममध्ये कर्बोदके साधारण ५ ग्रॅम. तेवढ्याच शिजलेल्या भातात ती २८ च्या आसपास. उरलेला फ्लॉवर जवळजवळ सगळा पाणी, शंभरात ९२ भाग.

हे पाणीच करणाऱ्याची परीक्षा घेते. कीस पंच्यात बांधून घट्ट पिळायचा, पसरट कढईत झाकण न ठेवता तीन-चार मिनिटे परतायचा, पाण्याचा थेंब घालायचा नाही. झाकण ठेवले की लगदा होतो, आणि फार वेळ शिजला की गंधकाचा तो उग्र वास घरभर. पिझ्झ्याच्या पोळीसाठी हाच कीस अंडे आणि चीज घालून बांधावा लागतो, कारण गव्हाचा चिकटपणा त्यात नाही. विकतच्या पोळीचे पाकीट मात्र उलटून वाचावे. गहू चालत नाही अशांसाठी केलेल्या कितीतरी पोळ्यांत तांदळाचे पीठ आणि मक्याचा स्टार्च असतो. साखर उतरवायच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तर भात सोडण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवे.

बँटिंगचे नाव पुढे दक्षिण आफ्रिकेत पुन्हा जिवंत झाले. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांचे ‘द रिअल मील रेव्होल्यूशन’ २०१३ मध्ये निघाले, आणि तिथे या आहारालाच ‘बँटिंग’ म्हणू लागले. ज्याच्या पानात बटाट्याची जागा मोकळी राहिली होती, त्याच्या नावाच्या पथ्यात आता घोटलेला फ्लॉवर रोजचा झाला.

अमेरिकेत गोठवलेला किसलेला फ्लॉवर पाकिटांतून विकला जाऊ लागला तसे भात उत्पादक बिथरले. देशातला जवळजवळ निम्मा तांदूळ पिकवणाऱ्या आर्कान्सा राज्याने २०१९ मध्ये कायदा केला, की जो तांदूळ नाही त्याच्या वेष्टणावर ‘राइस’ लिहायचे नाही. शेतकऱ्याची काळजी मला कळते. तरीही हे वाचले त्या दिवशी मी स्वयंपाकघरातला डबा काढून पाहिला. त्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी होती: वरी तांदूळ.